रेघेजवळचे ठिपके

एक काचपट्टी आहे असं समज. तुझ्या मधल्या बोटाएवढी लांब, अंगठ्याएवढी रुंद. हात पुढे कर, ठेवतो... नाही, अशी मधोमध नाही धरायची, बोटाचा ठसा उमटतो. दोन्ही कडांनी, हलकेच. आता खिडकीकडे धर. मधे एक फिकट डाग दिसेल, कागदावर चहाचा थेंब वाळावा तसा. तो थेंब नाही. अंड्यातल्या सहा दिवसांच्या पिलाच्या पाठीचा मज्जारज्जू आहे, आडवा कापलेला, केसाहूनही पातळ. आणि त्या डागातून, डाव्या खालच्या कोपऱ्याकडून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे, एक रेघ गेली आहे. दिसली? नुसत्या डोळ्यांना नाहीच दिसणार. मलाही दिसली नव्हती – म्हणजे दिसली होती. पण आधी त्याची गोष्ट ऐक, मग माझी आपोआप कळेल.

त्याला ती रेघ त्या सकाळी तिसऱ्या काचेवर दिसली आणि नेहमीप्रमाणे त्याचा डोळा तिच्यावरून घसरून पुढे गेला. पायरीवरचा सैल दगड रोजच्या माणसाच्या पायाला ठाऊक असतो आणि पाय आपसूक बाजूला पडतो, तसा. सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या डोक्याला त्याची नात बसली होती, दोन जाड पुस्तकांवर बूड टेकून. हे यंत्र दोन डोक्यांचं. एकच काच दोघांना एकाच वेळी दिसते आणि मधे एक हिरवा बाण फिरवता येतो, शिकवायला. चाळीस वर्षांत त्याने या बाणाने किती पोरापोरींना काय काय दाखवलं असेल. पण नऊ वर्षांचं कोणी समोर बसलेलं हे पहिल्यांदाच. शाळेला सुट्टी होती, तिची आई – त्याची लेक – रुग्णालयात परिचारिका, तिची दिवसपाळी. म्हणून भिंगरी आज आजोबांच्या कामावर आली होती. भिंगरी हे नाव त्यानेच पाडलेलं, आणि ते का पाडलं हे कोणाला सांगावं लागत नसे. त्याला स्वतःला इथे सगळे कापकाका म्हणत, कारण तो काप काढायचा: गोठवलेल्या पिलाचे, थंड पेटीतल्या पात्यावर, एकामागून एक, मूठ फिरवत.

"आजोबा, तुमचे किती?"

"सात."

"माझे अकरा."

"मग चार वेळा पापणी लवली असेल तुझी."

"पापणी लवली तर कमी दिसतील ना? जास्त कसे दिसतील?"

तो हसला. हे खरं होतं. साडेतीन वर्षांची होईपर्यंत ही एक शब्द बोलली नव्हती. लेक रात्रंदिवस काळजीत, आणि तो आपला म्हणत राहिला, थांबू या, येईल, आत काहीतरी जुळत असेल... आणि आता तिची आई विचारते, बाबा, तोंड बंद करायचं एखादं प्रथिन आहे का हो तुमच्याकडे? आहे की. तसलीच तर इथे पाहतो आम्ही.

सकाळी आल्या आल्या त्याने तिला ते सांगितलं होतं. शिकवायला मिळालं की त्याला भूक लागत नाही. मज्जापेशी आहे असं समज, तो म्हणाला होता, पेशीचं घर इकडे आणि तिचा धागा लांब तिकडे; तू पेशी असशील तर तुझा हात इथून निघून चार गल्ल्या ओलांडून पुलापर्यंत गेलेला, आणि तिथे बोटांनी चाचपून त्याला ठरवायचंय – डावीकडे वळू की सरळ जाऊ. आता वळायला सामान लागतं. सामान कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं घरात, केंद्रकात. मग घरातून त्याची नक्कल निघते, चिठ्ठी म्हण, तिला आरएनए म्हणतात. चिठ्ठी दारातच उघडली तर सामान घरातच बनेल, आणि पुलावरचा हात रिकामा. म्हणून काही प्रथिनं असतात, ती चिठ्ठीला धरतात. घट्ट. वाटेत उघडू देत नाहीत, हरवू देत नाहीत, टोकापर्यंत पोचवतात आणि तिथे गेल्यावर सोडतात.

"आणि मग हात वळतो?"

"मग हात वळतो."

"आणि ते प्रथिन आळशी असलं तर?"

"तेच बघायचंय." आणि तो पुढेही बोलत राहिला होता, कारण ती ऐकत होती: की धरणारी प्रथिनं एका प्रकारची नसतात, कुणी चिठ्ठीतला नको तो तुकडा कापून उरलेलं जोडतं, त्यामुळे एकाच चिठ्ठीचे मेंदूत वेगळे आणि काळजात वेगळे अर्थ निघतात, कुणी चिठ्ठी जुनी होऊन विरण्यापासून वाचवतं, आणि कुणी लहान पेशींना सांगत राहतं, अजून नाही, अजून तुम्ही लहानच राहा, आधी पुरेशा व्हा, मग मज्जापेशी बना. अवघा मेंदू असा बनतो – चिठ्ठ्यांनी नव्हे नुसत्या. चिठ्ठ्या कुणी, किती वेळ, कुठवर धरल्या त्याने. हे सांगताना त्याचा आवाज जरा कातर झाला होता. दर वेळी होतो. सातव्या महिन्यात जन्मलेली त्याची लेक त्याच्या तळव्यात मावत होती, आणि तिने त्याचं बोट धरलं होतं... ते बोट धरायला किती धागे किती वळणांवर बरोबर वळले असतील; किती चिठ्ठ्या न उघडता पोचल्या असतील. त्या वेळी त्याला यातलं फारसं माहीत नव्हतं. नंतर कळलं, आणि तेव्हापासून ज्यांची नावंही त्याच्या जिभेवर नीट बसत नाहीत अशा त्या प्रथिनांचे तो मनातल्या मनात आभार मानत आला होता.

चौथी काच. हिलाही रेघ.

"सहा," तो म्हणाला.

"नऊ."

पाचवी. रेघ नाही, स्वच्छ. "एकोणीस." "एकोणीस." सहावी, स्वच्छ. "बावीस." "बावीस. बघा, मला मोजता येतं." सातवी, रेघ –

"आजोबा, तुम्ही आठ म्हणाल आणि माझे बारा येतील."

"का गं?"

"या काचेवर पण ती रेघ आहे ना. रेघ असली की आपलं भांडण होतं."

त्याने डोळे नळीवरून उचलले. खोली तशीच होती: पांढरा ओटा, तबकातली उरलेली एक काच, भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा. पलीकडच्या खोलीत बाटल्या हलवणारं यंत्र एका सुरात कुरकुरत होतं. रेघ असली की आपलं भांडण होतं. पोरगी सहज बोलून गेली आणि बुटाची टाच पुस्तकावर आपटत बसली, आणि त्याला मात्र कोणीतरी मानेवर थंड बोट ठेवावं तसं झालं.

आता हे तुला नीट सांगायला हवं, कारण सगळं इथेच आहे. हे ठिपके म्हणजे त्या चिठ्ठ्या. एक रंग असा आहे की तो फक्त त्या एका चिठ्ठीला चिकटतो. प्रत्येक चिठ्ठी एक तांबडा ठिपका होऊन दिसते. धाग्याच्या लांबच्या टोकाशी किती ठिपके आहेत ते मोजायचं. काही अंड्यांमध्ये ते धरणारं प्रथिन होतं तसं ठेवलं होतं, काहींमध्ये कमी केलं होतं. कमी केलेल्यांत चिठ्ठ्या टोकाला पोचत नसतील, तर उंच मुलीचं म्हणणं खरं. उंच मुलगी म्हणजे इथली संशोधक. ज्या कामावर तिची पदवी ठरायची ते हे काम, दोन वर्षांचं. आणि माणसाला जे हवं ते दिसतं, म्हणून आमच्याकडे पद्धत आहे: झाकून मोजायचं. काचेवरचं नाव चिकटपट्टीने झाकायचं, वर नुसता आकडा. कोणता आकडा कुठल्या अंड्याचा याची यादी पाकिटात बंद करून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या कपाटात. मोजणाऱ्याला काही माहीत नाही. सगळ्या काचा संपल्या की पाकीट उघडायचं. चौदा तबकं, एकशे बारा काचा, सहा आठवडे. आणि आज दुपारी चार वाजता मॅडम पाकीट उघडणार होत्या.

मोजणाऱ्याला काही माहीत नाही... पण मोजणारा आणि कापणारा एकच असेल तर?

हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मॅडमच्या नाही, उंच मुलीच्या नाही. काप कोण ओळखतो. सगळ्यांना ते सारखेच. पण ज्याने मूठ फिरवली त्याला... सोमवार होता तो. अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडून औषध आत सोडतात आणि खिडकी फितीने बंद करतात. ज्यांतलं प्रथिन कमी केलं त्यांना निळी फीत, ज्यांत औषध सोडलं नाही त्यांना पांढरी. सोमवारी निळ्या फितीची पिलं कापली होती, मंगळवारी पांढऱ्या. आणि सोमवारी संध्याकाळी, सगळे काप काढून झाल्यावर, पातं पुसताना नखाला जाणवलं होतं – धारेला एक कण उडाला आहे. म्हणजे सोमवारच्या प्रत्येक कापावर त्या खाचेची रेघ. मंगळवारी त्याने नवं पातं लावलं.

आणि कोणाला सांगितलं नाही.

का सांगितलं नाही हे त्याने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. आता, एक हात अजून यंत्राच्या बटणावर ठेवून, तो विचारत होता, आणि उत्तर इतकं जवळ बसलेलं होतं की त्याला आश्चर्य वाटलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा तो कामावरचा पहिला दिवस होता. त्याआधी तीन महिने तो घरी होता, डोळ्याला पट्टी, आणि मॅडमनी म्हटलं होतं, काप बाहेरून करून घेऊ या, कुणाची वाट पाहत बसणार. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा ही उंच मुलगी म्हणाली होती, नाही, काप काकांच्याच हातचे हवेत, मी थांबते. तीन महिने थांबली. तिच्या बरोबरीची दोघं पदवी घेऊन निघून गेली. दर शनिवारी घरी येऊन ती त्याच्या डोळ्यात थेंब घालायची आणि बडबडायची, काका, वर बघा, छताकडे, माझ्याकडे नाही, मी काय छत आहे का, तशी उंच आहे म्हणा... त्याची लेक तिला म्हणायची, तू आमच्या घरची थोरली. असा जो माणूस तुमच्यासाठी थांबला, त्याच्यासमोर पहिल्याच दिवशी कसं म्हणायचं की नव्या डोळ्याला पात्यावरची खाच दिसली नाही. बारीक रेघ तर आहे, ठिपके झाकत नाही. चालेल, असं त्याने ठरवलं. आणि विसरला. खरंच विसरला? मी विसरलो होतो. मी शपथेवर सांगेन की विसरलो होतो. पण डोळा विसरला नव्हता.

"आजोबा, झोपलात?"

"नाही गं. भिंगरी, ती मघाची तिसरी काच पुन्हा लावू. आणि या वेळी बाण तू फिरव. तुझे अकरा मला दाखव, एकेक."

तिने बाण फिरवला. जीभ दातांत धरून, अगदी हळू. एक, दोन, तीन... सात त्याचेच होते. आठवा – बाण रेघेच्या कडेला थांबला. तिथे एक ठिपका होता, तांबडा, गोल, निम्मा धाग्यात आणि निम्मा बाहेर.

"हा तर अर्धाच आत आहे," तो म्हणाला.

"तुम्हीच सांगितलं ना सकाळी. गोल पाहिजे, तांबडा पाहिजे, आणि अर्धा आत असला तरी आत."

त्यानेच सांगितलं होतं. सहा आठवड्यांपूर्वी नियम लिहून यंत्रावर चिकटवला होता तोही त्यानेच. नववा: रेघेला लागून, जरा फिकट. याला तो कचरा म्हणाला असता. म्हणालाच होता, न बोलता, पाव क्षणात. दहावा पुसट, अकरावा दोन ठिपके एकमेकांवर, ज्यांना त्याने एक धरलं होतं. रेघेने काही झाकलं नव्हतं. झाकलं होतं ते... त्याने जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाट पाहिली नाही. कपाटातून जुनी तबकं काढली, तिसरं, सातवं, दहावं, आपली वही उलटी ठेवली, आणि म्हणाला, तू मोज, मी लिहितो. मी या वेळी मोजणार नाही. ती खूश झाली. रेघेची काच – तिचे दहा, वहीत सहा. रेघेची – तिचे तेरा, वहीत नऊ. मग एक स्वच्छ काच निघाली. तिचे बावीस. वहीत चोवीस.

"चोवीस?" भिंगरी म्हणाली. "कसे काय? दाखवा."

त्याने नळीला डोळे लावले आणि शोधले. दोन ठिपके धाग्याच्या बाहेर होते; चिकटून, पण बाहेर. स्वच्छ काचेवर त्याने त्यांना हात धरून आत घेतलं होतं.

"हे दोन तर बाहेरच उभे आहेत," ती म्हणाली. "तुम्ही लबाडी केलीत."

तिने गमतीने म्हटलं. तिच्या खेळात आउट झालेला माणूस नाही म्हणतो तेव्हा ती हेच म्हणते. पण तो तसाच बसून राहिला, कपाळ नळीच्या थंड कडेला टेकवून, आणि त्याला मोठे सर आठवले – एकोणीस वर्षांचा असताना ज्यांनी त्याला काप काढायला शिकवलं ते. त्यांनी त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवून शंभर वेळा यंत्र फिरवलं होतं. ओरडले कधीच नाहीत. एकदा त्याने चाळीस काचांवर शाईने नावं लिहिली आणि काचा मद्यार्कात बुडवल्यावर सगळी नावं धुऊन गेली; कोणती काच कोणाची, काही उरलं नाही. त्याला वाटलं, आज नोकरी गेली. मोठे सर त्या कोऱ्या काचांकडे पाहत म्हणाले, बरं झालं, लगेच सांगितलंस. उद्या सांगितलं असतंस तर तोवर मी यांच्यावर विश्वास ठेवून बसलो असतो. मग पिशवीतून शिसपेन्सिल काढून दिली. एवढंच. ते वाक्य त्याला इतकी वर्षं दयाळूपणाचं वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा वाटलं की ते नुसतं दयाळूपणाचं नव्हतं, ते अगदी हिशोबीपणे खरं होतं...

पण शाई धुतली गेली ती अज्ञानाने. हे कशाने? त्याने कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. आपल्यासाठी थांबलेल्या पोरीचं भलं व्हावं, इतकंच त्याच्या मनात होतं, आणि तेही मनात म्हणून नाही, त्याच्याही मागे कुठेतरी. आणि ते भलं तिथून निघून न विचारता त्याच्या डोळ्याच्या टोकापर्यंत पोचलं होतं आणि ठिपके उचलून इकडचे तिकडे ठेवत होतं. उपकाराची जाणीव इतकी खोडकर असू शकते हे त्याला माहीत नव्हतं. आजवर त्याला वाटायचं की आपल्यात चांगलं असं काही असेल तर ते हेच. आपण केलेलं विसरत नाही.

न सांगता येईल का? विचार आला, लपवत नाही. चार वाजता पाकीट उघडेल, आकडे दोन रांगांत पडतील, निळ्याचे कमी, पांढऱ्याचे जास्त, सुंदर. मॅडम म्हणतील, वा. उंच मुलगी त्याचं नाव शोधनिबंधात वर, लेखकांच्या ओळीत घालणार आहे, तळाच्या आभारांत नाही. हे तिने गेल्याच महिन्यात सांगितलं होतं, थेंब घालताना सांगायची तसं, सहज. आणि कदाचित ते खरंही असेल! कदाचित खरे ठिपके मोजले तरी फरक राहीलच, थोडा कमी. रेघेच्या काचेवर तेरा आणि स्वच्छ काचेवर बावीस – हा फरकच आहे की. मग काय बिघडलं... त्याने स्वतःला हे बोलताना ऐकलं आणि ओळखलं. हा तोच आवाज. बाहेर उभ्या असलेल्या ठिपक्याला हात धरून आत घेणारा.

"आजोबा, ती रेघ कसली आहे? तुम्ही सांगितलंच नाही."

"नंतर सांगतो."

"आता का नाही?"

"आता सांगितलं तर तुझे ठिपके बिघडतील."

ती त्याच्याकडे बघत राहिली. थट्टा आहे की खरं, हे ती त्याच्या डोळ्यांत शोधत होती; आणि काय सापडलं कोण जाणे, तिने मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. भिंगरी, आणि पुढे काही विचारलं नाही. त्याला तिच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, पण हातमोजे होते.

दोन वाजून गेले होते. उंच मुलगी उबवणीच्या पेटीपाशी होती. अंडी एकेक करून प्रकाशावर धरत होती, आणि तिचा अर्धा चेहरा त्या प्रकाशाने लालसर झाला होता. भिंगरी त्याच्या मागोमाग आली होती.

"झाली काका शेवटची काच?" उंच मुलगी वळून म्हणाली. "मला सकाळपासून पाणी जात नाहीये घशाखाली. काही सांगू नका, आकडे सांगू नका, चार वाजेपर्यंत मला काही ऐकायचं नाही."

"ऐकावं लागेल, पोरी. खाली बस."

"मी उभी बरी आहे."

"तू उभी असलीस की मला आभाळाकडे बघून बोलावं लागतं. बस."

ती बसली. त्याने सांगितलं. कसं सांगितलं ते त्याला नंतर आठवेना. एवढं आठवतं की त्याने पात्यावरच्या खाचेपासून सुरुवात केली, डोळ्याच्या शस्त्रक्रियेपासून नाही, आणि तिच्या थांबण्याचा उल्लेख केला नाही. काही काचांवर रेघ आहे. रेघ मला ओळखता येते. आणि ओळखता येते म्हणून मी त्यांवरचे ठिपके सहा आठवडे कमी मोजले, बाकीच्यांवरचे जास्त. मुद्दाम नाही. पण मोजले.

तिने हातातलं अंडं जागेवर ठेवलं. दुसरं उचललं नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

"हिने पकडलं."

"मी नाही," भिंगरी म्हणाली. "मी फक्त मोजलं, ताई."

उंच मुलगी म्हणाली, "म्हणजे मी तुमच्यासाठी थांबले, म्हणून तुम्ही माझे ठिपके खाल्लेत."

तिला सगळं कळलं होतं. तो ज्याचा उल्लेख टाळत होता तेच तिने उचललं.

"हो," तो म्हणाला. "तसंच झालं."

"तुम्ही जरा कमी प्रेमळ असतात तर बरं झालं असतं काका." ती हसली नाही, पण रागावलीही नव्हती, किंवा रागावली असेल तर तो राग अजून वाटेत होता. "चार वाजता पाकीट उघडलं असतं तर संपलंच होतं. दोन वर्षं. तुम्ही हे मला उद्या सांगितलं असतंत तर मी..." तिने वाक्य सोडून दिलं. "निकाल उलटेल?"

"माहीत नाही. फरक कमी होईल. किती, ते मला विचारू नकोस. मला काय वाटतं त्याला आता काही किंमत नाही."

"पुन्हा मोजायला हव्यात. सगळ्या."

"सगळ्या. आणि मी नाही, तू नाही. कुठली काच कुठल्या अंड्याची हे ज्याला माहीत नाही असं कोणीतरी."

"मी मॅडमना सांगते पाकीट उघडू नका." ती उठली, आणि उठताना तिने त्याच्या खांद्यावर हात टेकवला, आधारासाठी टेकवला की दुसऱ्या कशासाठी हे त्याला कळलं नाही, आणि ते कळून घ्यायची त्याला घाई वाटली नाही. नाव वरच्या ओळीत राहील की तळाला जाईल की कुठेच नसेल, हा प्रश्न त्याने मनात शोधला. तो होता, पण लांब उभा होता. जवळ होतं ते काहीतरी वेगळंच: छातीत एक मोकळी जागा, जिथे आतापर्यंत ऋण होतं. ऋण गेलं नव्हतं. फक्त आता ते त्याच्या जागी होतं, डोळ्यात नव्हतं. मोठे सर, ही उंच मुलगी, ही बुटाची टाच आपटणारी – किती जणांनी आपल्याला धरून धरून इथवर आणलं, असं त्याला वाटलं, आणि त्याला आपल्या वयाचा, आपल्या त्या दुरुस्त डोळ्याचा, या उबदार खोलीचासुद्धा लोभ वाटला.

दारापाशी जाऊन उंच मुलगी थांबली. काहीतरी लक्षात आल्यासारखी मागे वळली.

"पण काका, ती रेघ असलेल्या काचा म्हणजे कुठल्या? सोमवारच्या? म्हणजे निळ्या –"

आणि भिंगरीने दोन्ही तळहात कानांवर दाबले, डोळे गच्च मिटले, आणि त्या दोघांकडे पाठ करून, तोंडाला येईल ते गाणं, खोली दणाणून जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.